तंबूर, तंबोरा आणि तुंबुरू : एका फार्सी वाद्यनामाचा दक्षिणेतील मराठी प्रवास

कुंभकोणमच्या पश्चिमेस सुमारे आठ किलोमीटरवर कावेरीकाठी स्वामीमलै हे गाव आहे. मुरुगनच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. पुत्राने पित्याला, म्हणजे साक्षात शिवाला, प्रणवाचा अर्थ येथे सांगितला आणि म्हणून तो 'स्वामिनाथ' झाला, अशी स्थलकथा आहे. गावाचे जुने तमिळ नाव तिरुवेरकम्. आज रूढ असलेल्या नावात 'स्वामी' हा संस्कृत शब्द आणि 'मलै' म्हणजे डोंगर हा तमिळ शब्द एकत्र आले आहेत. या संकरात कोणाला काही वावगे वाटत नाही. वाद्यांच्या नावांबाबत मात्र आपली दृष्टी इतकी उदार राहत नाही. ज्या स्वराधारावर कावेरीकाठचे आणि कृष्णाकाठचे गायन उभे राहते त्या तंबोऱ्याचे नाव फार्सी 'तंबूर'वरून आले, असे म्हटले की एक पक्ष लगेच तुंबुरू नावाच्या गंधर्वाकडे बोट दाखवतो. आणि नाव फार्सी ठरले की दुसरा पक्ष वाद्यही इराणातून आले असे गृहीत धरतो. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे की, दोन्ही पक्ष तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात : वाद्याचे नाव, वाद्याचा आकार आणि वाद्याचे कार्य. या तिहींचे इतिहास वेगवेगळे आहेत. ते वेगळे करून पाहण्यासाठी विजापूर, तंजावर आणि मिरज ही तीन ठिकाणे विशेष उपयोगी पडतात. कारण तिन्हींचा मराठी समाजाशी जवळचा संबंध आहे.

प्रथम नाव. इराणात हा शब्द इस्लामपूर्व परंपरेतला आहे. खुस्रो राजा व त्याचा सेवक यांच्या संवादाच्या रूपातील पहलवी ग्रंथात दरबारी मनोरंजनाची जी यादी येते तीत तंबूर वाजवणारे आहेत. दहाव्या शतकात अल्-फाराबीने आपल्या संगीतविषयक बृहद्ग्रंथात बगदादचा तंबूर आणि खुरासानचा तंबूर असे दोन प्रकार सांगून त्यांच्या पडद्यांची मोजमापे दिली. म्हणजे तंबूर हे लांब दांडीचे, पडदे बांधलेले, राग वाजवण्याचे वाद्य होते. नुसता षड्ज धरून ठेवण्याचे नव्हे.

याउलट आपल्याकडचा पुरावा पाहावा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने, म्हणजे मराठी भूमीवरच, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यातील वाद्याध्यायात एकतंत्री, नकुल, त्रितंत्री, चित्रा, विपंची, मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी, पिनाकी अशी वीणांची नामावळी आहे. तीत तंबोरा नाही. पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने या ग्रंथावर टीका लिहिताना त्रितंत्रीला लोकांत 'जंत्र' म्हणतात अशी नोंद केली. लौकिक नावांकडे त्याचे लक्ष होते हे यावरून दिसते.

तुंबुरूचे काय? तो महाभारत-पुराणांतला ख्यातनाम गंधर्व, नारदाचा जोडीदार. दक्षिणेकडील मूर्तिपरंपरेत तो अश्वमुखी असतो. पण प्रत्येक देवगायकाच्या वीणेचे नाव सांगणारी जी जुनी कोशपरंपरा आहे, तीत नारदाची महती, सरस्वतीची कच्छपी, विश्वावसूची बृहती आणि तुंबुरूची वीणा कलावती. तुंबुरूच्या हाती तंबोरा ही कल्पना प्राचीन असती, तर या नामावळीत तिचा काही माग लागला असता. 'तुंब' म्हणजे भोपळा, त्यावरून तंबोरा, ही दुसरी व्युत्पत्ती दिसायला अधिक सरळ आहे. परंतु तंजावरचा तंबुरा फणसाच्या लाकडाचा असतो, भोपळ्याचा नव्हे, आणि तरीही त्याचे नाव तेच आहे. व्युत्पत्ती म्हणून हे दोन्ही मार्ग टिकणारे नाहीत. मात्र लोकव्युत्पत्ती चुकीची म्हणून निरर्थक ठरत नाही. परकीय नावाला ओळखीचा देव मिळाला की ते नाव घरातले होते. त्या गरजेची साक्ष म्हणून तिचे मोल आहे.

येथे एका समांतर घटनेचा उल्लेख करावासा वाटतो. फार्सी राज्यव्यवहार-शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' रघुनाथपंत हणमंते यांच्या नावे प्रसिद्ध आहे. तो सिद्ध झाला शिवाजी महाराजांच्या आज्ञेने. हेच रघुनाथपंत त्यापूर्वी काही काळ व्यंकोजींच्या कारभारात होते. दरबारी शब्दांबाबत जे राजाज्ञेने आणि पंडितांकरवी झाले, ते तंबोऱ्याच्या बाबतीत कोणाच्याही आज्ञेवाचून गायकांनी केले. फरक इतकाच की कोशाने शब्द बदलू पाहिला. गायकांनी शब्द ठेवून त्याचा वंश बदलला.

आता नाव भारतात कोणत्या वाद्याबरोबर आले ते पाहू. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या दरबारातील गायक-वादकांची जी यादी दिली आहे, तीत तंबूरवादक म्हणून हेरातचा उस्ताद यूसुफ, मशहदचा सुलतान हाशिम, तसेच उस्ताद मुहम्मद अमीन आणि उस्ताद मुहम्मद हुसैन यांची नावे येतात. याच यादीत कानून, घिचक, कोबूझ वाजवणारे आहेत आणि वेगळे बीनकारही आहेत. या मंडळींचा तंबूर हा गाणाऱ्यामागे बसून छेडायचा तंबोरा असणे संभवत नाही. ते स्वतंत्र वादक होते. सतराव्या शतकातील अहोबलाच्या 'संगीतपारिजाता'त मात्र या वाद्याचे निबद्ध आणि अनिबद्ध, म्हणजे पडद्यांचे आणि पडद्यांवाचूनचे, असे दोन भेद दिसतात. निबद्धातून पुढे वेगळी वाद्ये निघाली. अनिबद्ध तो आपला तंबोरा. पडदे निघून गेले की वाद्याजवळ वाजवण्यासारखी चाल उरत नाही. उरतो तो केवळ मोकळ्या तारांचा नाद. इराणी वाद्याच्या दृष्टीने हे दारिद्र्य आहे. भारतीय गायकाच्या दृष्टीने तेच त्याचे ऐश्वर्य ठरले.

दक्षिणेत या वाद्यावर सर्वांत जिव्हाळ्याने लिहिणारा मनुष्य कोणी शास्त्रकार नव्हे, तर सुलतान होता. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाने (राज्यकाल १५८०–१६२७) दखनीत 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह रचला. त्यात सरस्वती आणि गणपती यांची स्तुती आहे, गेसूदराजांची आहे, त्याच्या आवडत्या हत्तीची आहे, आणि 'मोतीखान' या त्याच्या तंबूराचीही आहे. वाद्याला माणसाप्रमाणे किताब देऊन त्याला गीतांचा विषय करणे ही कल्पना मोठी लोभस आहे. इराण-मध्य आशियातून आलेल्या फर्रुख बेग या चित्रकाराने काढलेले, तंबूर वाजवणाऱ्या इब्राहीमचे चित्र आज प्राग येथील नाप्रस्तेक संग्रहालयात आहे. येथे फार्सी नावाचे वाद्य, दखनी भाषा, रागांच्या नावाखाली मांडलेली गीते आणि सरस्वतीचे स्तवन ही सर्व एका माणसात नांदतात. त्याला 'परकीय' आणि 'देशी' असे विभागायला गेले तर रेषा त्याच्या देहातूनच ओढावी लागेल.

विजापूरचे हे विषयांतर नव्हे. शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार होते, आणि व्यंकोजी तंजावरला गेले ते विजापूरच्या फौजेचे सेनानी म्हणून. १६७६च्या सुमारास तेथे भोसल्यांची सत्ता स्थिर झाली, ती १८५५पर्यंत राहिली. मात्र तंबुरा तंजावरला मराठ्यांनी नेला असे म्हणणे चुकीचे होईल. कन्नड दासपरंपरेत हे वाद्य त्यापूर्वीच रुळले होते. विजयनगरच्या काळातील पुरंदरदासांच्या (मृत्यू १५६४) नावावर असलेल्या एका प्रसिद्ध पदाचा आरंभच 'तंबूरी' या शब्दाने होतो, आणि दासांचे चित्र तंबुऱ्यावाचून कोणी काढत नाही. मराठ्यांच्या तंजावरने जे केले ते वेगळे : त्या दरबाराने अनेक भाषांना एका स्वराधारावर आणले.

शाहजी राजाच्या (राज्यकाल १६८४–१७१२) 'पंचभाषाविलास' नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत या पाच भाषा बोलल्या जातात. त्याच घराण्यातील तुळजा राजाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दुसऱ्या सरफोजीच्या काळात, शेजारच्या तिरुवैयारूत त्यागराज (१७६७–१८४७) तेलुगूत कृती रचत होते. उंछवृत्तीला निघालेली त्यांची जी मूर्ती लोकमनात ठसली आहे, तिच्या एका हाती तंबुरा आणि दुसऱ्या हाती चिपळ्या आहेत. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी याच सुमारास दक्षिणेतील भजनपद्धतीला क्रम लावत होते, आणि त्या क्रमात मराठी पदांना जागा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचा प्रभाव घेऊन तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तमिळ हरिकथेत आजही त्याच नावांनी ओळखली जातात. आख्यानाची भाषा दर पदाला बदलत असता श्रोत्याला एकसंधपणा कशामुळे जाणवतो, हा तौलनिक अभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग कथनात आहे, दुसरा अखंड वाजणाऱ्या तंबुऱ्यात. छापील संहितेत हा दुसरा भाग दिसत नाही, म्हणून आपण तो मोजत नाही.

तंबुऱ्याचे कार्य भारतीय झाले असे वर म्हटले. ते नेमके कशामुळे, हे त्याच्या घोडीत आहे. इराणी तंबूराची घोडी अरुंद असते, तार तिच्या धारेवर टेकते आणि स्वच्छ, तुटक स्वर देते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्या पृष्ठभागाला जाता जाता स्पर्श करते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून तो स्पर्श नेमका जुळवला की नाद 'उघडतो'. यालाच आपण जवारी म्हणतो. तमिळ प्रदेशात त्या दोऱ्याला 'जीवा' हे नाव आहे, आणि ते अन्वर्थक आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबुऱ्यावर लिहिताना दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडली असता काही उपस्वर सिद्धांततः उमटू नयेत, तेथे छेडली तरी या वाद्यात ते उमटतात. कारण ही घोडी. जोडीच्या दोन तारा षड्जाच्या, पण ऐकणाऱ्याला त्यातून गांधार ऐकू येतो, हा गायकांचा अनुभव त्यामुळे केवळ भावनेचा राहत नाही. ही घोडी तंबूराबरोबर आलेली नाही. तारेचा असा झंकार आपल्याकडे वीणाकुळातला आहे. म्हणजे नाव फार्सी, लांब दांडीचा आकार त्याच घराण्याचा, आणि नाद इथल्या वीणेचा.

जाता जाता, या घोडीच्या नावाचीही एक गंमत आहे. फार्सीत तिला 'खरक' म्हणतात, म्हणजे लहानसे गाढव. तमिळमध्ये ती 'कुदिरै', म्हणजे घोडा. मराठीत घोडी. तारांचा भार पाठीवर वाहणारे जनावर ही प्रतिमा तिन्ही भाषांत आहे. कोणी कोणाकडून घेतली की प्रत्येकीने स्वतंत्रपणे कल्पिली, हे ठरवण्याची घाई न करणे बरे.

आकाराकडे वळताना मिरज आणि तंजावर यांची तुलना अपरिहार्य होते. तंजावरचा तंबुरा फणसाच्या लाकडाचा, पोट कोरून काढलेला. (इराणातील कुर्द लोक तंबूर तुतीच्या लाकडाचा करतात, तुती आणि फणस हे वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले. यात योगायोगापलीकडे काही शोधू नये.) मिरजेचा तंबोरा भोपळ्याचा. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढे भागातून, भीमेच्या परिसरातून येतात. दांडी आणि तबली लाकडाची. खुंट्या, मणी, जवारी ही सगळी कामे वेगवेगळ्या हातांची. हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला, आणि त्याचे मूळ पुरुष म्हणून फरीदसाहेबांचे नाव घेतले जाते. ते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार देणाऱ्यांच्या घरातले. संस्थानांच्या फौजा सरल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ते हात वाद्यांकडे वळले. पुढे या घरांचे आडनावच 'सतारमेकर' झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी या मुलुखात रुजवली, पाठोपाठ संगीत नाटके आली, गायनशाळा आल्या. तंबोऱ्याला मागणी वाढली ती या मार्गाने. ज्यांच्या घरी उर्दू-दखनी बोलली जाते त्या कारागिरांकडेच वारकऱ्यांची भजनी वीणाही घडते.

ही भजनी वीणा आपल्या विषयाच्या दृष्टीने फारच बोलकी आहे. विणेकऱ्याच्या गळ्यात असते ते वाद्य आकाराने पाहिले तर छोटा तंबोराच : चार तारा, मोकळ्या छेडलेल्या, चाल वाजवण्याचा हेतू नाही. पण त्याला तंबोरा म्हणत नाहीत, वीणा म्हणतात. कारण ती नारदाची. तंजावरी कीर्तनात तेच काम करणाऱ्या वाद्याला तंबुरा म्हणतात आणि वीणा हे नाव पडद्यांच्या वेगळ्या वाद्याला राखून ठेवतात. एकच वस्तू, एकच कार्य, आणि नावे दोन. ती ठरतात संप्रदायाच्या स्मृतीवरून. सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. पहारे लावून ती रात्रंदिवस कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते. इराणच्या केरमानशाह भागातील यारसान पंथीयांत तंबूराला असेच पावित्र्य आहे : तो वाजवण्यापूर्वी त्याचे चुंबन घेतात, आणि जमखान्यातील सामुदायिक उपासनेत त्याच्या साथीने स्तवने म्हणतात. उस्ताद इलाही (१८९५–१९७४) यांनी त्याला तिसरी तार जोडली. क्रांतीनंतरच्या काळात कैखुस्रो पूरनाझेरी यांच्या 'शम्स' वाद्यवृंदाने अनेक तंबूर एकत्र मंचावर आणले. नंतर अली अकबर मोरादींसारख्या वादकांमुळे तो देशोदेशींच्या मैफलींत पोचला. त्या लोकप्रियतेबरोबर, उपासनेतले वाद्य तिकीट लावून वाजवावे काय, हा वाद पंथात आलाच. एका कुळातल्या या दोन वाद्यांचा गेल्या कित्येक शतकांत एकमेकांशी संबंध आल्याचे दिसत नाही. तरीही दोन्ही भक्तीच्या वाटेला लागली, आणि दोन्हींच्या बाबतीत ती वाट दरबारातल्या वाटेपेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

कृष्णाकाठ आणि तमिळ प्रदेश यांना जोडणारा एक माणूस येथे आठवतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. तंबोरा जुळवण्यातील त्यांचा नेमकेपणा असा की, सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा आपला सिद्धांत पडताळताना त्यांचाच कान घेतला. देवलांची श्रुतींवरील पुस्तिका १९१० सालची. खाँसाहेब मद्रासकडे वारंवार जात. खरहरप्रिया रागातील त्यागराजांची एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायली आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर त्यांना मृत्यू आला. गाडीतून उतरून, तंबोरा लावून त्यांनी दरबारी कानड्यात प्रार्थना म्हटली, असे त्यांचे शिष्य सांगत आले आहेत. देह मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात पुरला. तेथे उरुसात आजही गायक हजेरी लावतात.

तंबोऱ्याच्या वंशाचा वाद केवळ विद्वत्तेचा राहत नाही तो या टप्प्यावर. 'तुंबुरूचे वाद्य' एवढीच कथा सांगितली तर हेरातचा यूसुफ, विजापूरचा मोतीखान आणि मिरजेचे शिकलगार या इतिहासातून गळतात. 'इराणी वाद्य' एवढीच सांगितली तर जवारी शोधणारे, फणसाचे पोट कोरणारे आणि पडदे काढून टाकण्याचे धाडस करणारे गळतात. आपल्याकडच्या संगीतविषयक पाठ्यपुस्तकांत पहिली कथा जितक्या सहज येते, तितकी कारागिरांची येत नाही. माझ्या मते हा दोष व्युत्पत्तीच्या चुकीपेक्षा मोठा आहे.

कारागिरांची स्थिती तर आता वेगळ्याच कारणाने बदलली आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेंगळूरुमध्ये विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला, आणि पुढे तो खिशातल्या दूरध्वनीतही आला. कर्नाटक मैफलीत प्रत्यक्ष तंबुरा घेऊन बसणारा साथीदार विरळ झाला; हिंदुस्थानी मैफलीत तो अजून दिसतो, कारण तेथे मागे बसून तंबोरा छेडणे हा शिष्याच्या शिक्षणाचाच भाग मानला जातो. भौगोलिक निर्देशांकांच्या नोंदवहीत तंजावरच्या वीणेची नोंद २०१३ साली झाली. जे हात वीणा घडवतात तेच तंबुराही घडवतात, पण त्या नोंदीत नाव वीणेचे आहे. मिरजेच्या वाद्यांना हा मान २०२४ साली मिळाला, सतारीला एक आणि तंबोऱ्याला एक, अशा दोन वेगळ्या नोंदींनी. मात्र दुसऱ्या नोंदीत गावात बोलला जाणारा 'तंबोरा' हा शब्द नाही. तेथे 'तानपुरा' आहे : उत्तरेकडचे रूप, ज्याची 'तान पुरी करणारा' अशी आणखी एक लोकव्युत्पत्ती हल्ली ऐकू येऊ लागली आहे.